नावाचा रकाना

अमेरिकेत १८६० साली जनगणना झाली, तेव्हा गुलामांसाठी वेगळा तक्ता होता. डावीकडे मालकाचं नाव, आणि त्याच्यापुढे एकाखाली एक ओळी. वय २२, पुरुष, काळा. वय १९, स्त्री, काळी. वय ३, मुलगी. गुलामाचं नाव लिहायला त्या तक्त्यात रकानाच नव्हता. जवळजवळ ४० लाख माणसं अशी वय, लिंग आणि कातडीचा रंग एवढ्यावर मोजली गेली. पुढे यादवी युद्ध झालं, १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, आणि १८७० च्या जनगणनेत ही माणसं पहिल्यांदा नावा-आडनावानिशी, आपापल्या घरात, आपापल्या मुलाबाळांसकट कागदावर आली.

आज एखादी कृष्णवर्णीय अमेरिकी बाई आपल्या घराण्याचा माग काढायला बसते. १९५०, १९४०, १९३० अशी दहा-दहा वर्षांनी मागे जाते आणि १८७० ला येऊन थबकते. वंशावळ शोधणारी मंडळी तिला '१८७० ची भिंत' म्हणतात. भिंतीपलीकडे जायला एक बारीकशी फट आहे. १८७० मध्ये ३२ वर्षांचा असलेला खापरपणजोबा १८६० मध्ये साधारण २२ वर्षांचा असणार. म्हणून त्या भागातल्या मालकांचे तक्ते काढायचे, '२२, पुरुष' ही ओळ कुठे बसते ते पाहायचं, मग त्या मालकाचं मृत्युपत्र, मालमत्तेच्या याद्या, खरेदी-विक्रीचे कागद चाळायचे. कित्येकांना आयुष्यभर शोधूनही काही सापडत नाही. ज्यांना सापडतं, त्यांना एखाद्या यादीत घोडे, नांगर आणि पिंपांच्या मधे आपल्या पूर्वजाचं नाव दिसतं, समोर त्याची किंमत.

हा शोध मुळात सुरू होऊ शकतो, कारण १८७० चं पान कुणालाही पाहता येतं. ते पान सरकारी कुलपात असतं तर शोध पहिल्या पायरीवरच संपला असता. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: जनगणनेच्या गुप्ततेला मुदत असायला हवी, ती मुदत कायद्यात आकड्याने लिहिलेली हवी, आणि ती संपली की घराघराची मूळ पानं नावांसकट सगळ्यांना खुली व्हायला हवीत. नुसते एकूण आकडे देऊन भागणार नाही.

वंशावळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजघराणी येतात, आणि हा उद्योग म्हणजे कुळाचा तोरा मिरवणं असं बऱ्याच शहाण्या माणसांना वाटतं. मला हा आक्षेप उलटाच वाटतो. राजांची कुळी लिहून ठेवायला दरबारात पदरची माणसं असत. जमीनदाराचं नाव दस्तात असतं, सावकाराचं वहीत, पंडिताचं ग्रंथात. त्यांना जनगणनेची गरजच नाही. शेतमजूर, मोलकरीण, खाणीत उतरणारा पोरगा, दुसऱ्याच्या घरी आश्रित म्हणून राहिलेली विधवा, ही माणसं कुठल्याच दप्तरात नाहीत. दहा वर्षांतून एकदा मोजणारा माणूस दारात उभा राहिला, तेव्हाच त्यांचं नाव कुणीतरी शाईने लिहिलं. आइसलँडमध्ये १७०३ साली घरोघर जाऊन सगळ्या देशाची नावनिशीवार यादी केली गेली. ५०,३५८ माणसं भरली. त्यात गावोगाव फिरणारे भिकारीही नावानिशी आहेत. तीनशे वर्षांपूर्वीच्या भिकाऱ्याचं नाव आज वाचता येतं, असे दस्तऐवज जगात फार थोडे आहेत.

आणि पान नुसतं नाव सांगत नाही. इंग्लंडमधल्या १८४१ च्या पानांवर पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली आहेत, म्हणजे ३९ चा माणूस ३५ चा दिसतो. ज्याला हे माहीत नाही तो जन्माची नोंद चुकीच्या वर्षांत शोधत बसतो. १८५१ पासून नातं आणि जन्मगाव लिहायला लागले, तेव्हा पानाला एकदम खोली आली. मोजणारा दारोदार क्रमाने जातो, त्यामुळे पानावर शेजारही तसाच उतरतो. सून बऱ्याचदा चार घरं पलीकडचीच निघते. आज घरात पाहुणी म्हणून नोंदलेली मुलगी पुढच्या पानांवर 'पत्नी' होऊन येते.

इंग्लंड आणि वेल्समधल्या १९११ च्या जनगणनेपासून कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेला मूळ कागद जपून ठेवला आहे. म्हणजे तिथे पणजोबांचं अक्षरसुद्धा पाहायला मिळतं. त्या वर्षी विवाहित स्त्रियांबद्दल विचारलं होतं: लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, त्यांतली किती हयात आहेत, किती गेली. मुलांचे तीन आकडे ओळीने. काही आईबापांनी आकड्यावर न थांबता गेलेल्या मुलांची नावंही वरच्या यादीत लिहिली. प्रश्न फक्त त्या रात्री घरात असलेल्यांचा होता, म्हणून कार्यालयात कारकुनाने ती नावं नियमाप्रमाणे रेघ मारून खोडली. रेघेखालून ती अजून वाचता येतात. जन्म आणि मृत्यू दोन जनगणनांच्या मधल्या वर्षांत झालेलं मूल एरवी कुठल्याच जनगणनेत दिसत नाही. ते इथे, खोडलेलं का होईना, आहे. त्याच रात्री मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांनी मोजदादीवर बहिष्कार टाकला होता, आणि एमिली वाइल्डिंग डेव्हिसन वेस्टमिन्स्टरच्या संसदभवनाच्या तळघरात, एका कपाटात लपून राहिल्या होत्या. त्या सापडल्या, आणि 'तळघरात लपलेली आढळली' अशी त्यांची नोंद झाली. बहिष्कारसुद्धा दप्तरात शिरला.

आता विरोधातलं सगळ्यात वजनदार कारण पाहू. लोकांनी माहिती दिली ती गुप्त राहील या भरवशावर. सरकारने दिलेला शब्द शंभर वर्षांनी मोडायचा का? पुढच्या वेळी लोक खरं का सांगतील?

हा वाद सगळ्यात खोलवर लढला गेला तो कॅनडात. तिथे १९०६ च्या आणि त्यानंतरच्या जनगणनांच्या नियमांत मोजणाऱ्यांना गुप्तता पाळण्याची सक्त ताकीद होती. नव्वदच्या दशकाअखेरीस सांख्यिकी खात्याने ती ताकीद म्हणजे कायमचं वचन आहे असं धरलं आणि दप्तर अभिलेखागाराकडे सोपवायला नकार दिला. वंशावळ शोधणारे आणि इतिहासकार सह्यांची निवेदनं घेऊन खासदारांच्या मागे लागले. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. जुन्या सूचना नीट वाचल्या, तेव्हा १९११ च्या मोजणाऱ्यांना दिलेल्या पुस्तिकेत दुसरंही एक वाक्य होतं: जनगणना ही कायमची नोंद आहे आणि तिचे तक्ते देशाच्या अभिलेखागारात ठेवले जातील. अक्षर नीट काढा, असं सांगण्यामागे हेच कारण होतं. गुप्ततेची ताकीद कुणाला होती? मोजणाऱ्याला. शेजाऱ्याच्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेऊ नको, कर वसूल करणाऱ्याला सांगू नको, एवढंच. ती त्या पिढीच्या अब्रूची काळजी होती. नातवंडांच्या नातवंडांपासून पणजीचं नाव लपवायचं, असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. समितीचा निष्कर्षही असाच निघाला. २००३ मध्ये १९०६ ची पानं खुली झाली, आणि २००५ मध्ये कायदाच बदलून ९२ वर्षांची मुदत घातली गेली. १९३१ ची कॅनडाची पानं १ जून २०२३ ला उघडली.

त्या तडजोडीत मात्र एक खुंटी मारून ठेवली होती. २००६ पासून पुढे, ज्यांनी फॉर्मवर 'हो' म्हटलं त्यांचीच पानं ९२ वर्षांनी उघडायची. ऑस्ट्रेलियात २००१ पासून अशीच पद्धत आहे. तिथे त्याआधी वर्षानुवर्षं नावांसकट फॉर्म नष्ट करण्याची रीत होती. आता 'हो' म्हणणाऱ्यांचे फॉर्म ९९ वर्षांसाठी जपून ठेवतात, बाकीच्यांचे नष्ट होतात. दोन्हीकडे होकार पहिल्या खेपेला निम्म्याहून थोडाच जास्त भरला.

संमती हा शब्द ऐकायला चांगला आहे, म्हणून त्याच्या विरुद्ध बोलताना मला जरा जपून बोलावं लागतं. पण फॉर्म कसा भरला जातो ते पाहा. घरातला एक जण सगळ्यांचा फॉर्म भरतो, घाईत भरतो, आणि शेवटची चौकट रिकामी सोडतो. रिकामी चौकट म्हणजे 'नाही'. ज्याला भाषा नीट येत नाही, जो दोन पाळ्यांत राबतो, ज्याला सरकारी कागदाची धास्ती वाटते, त्याच्याच घरातून ती रिकामी राहण्याचा संभव अधिक. म्हणजे इतर कागदांतून गायब असलेली माणसं इथूनही गायब होतात, आणि या वेळी त्यांच्याच 'संमतीने'. पाळण्यातल्या मुलाच्या वतीने बापाने 'नाही' म्हटलं, तर ते मूल नव्वद वर्षांचं होऊन गेल्यावरही ते 'नाही' कायम. कॅनडाने हे ओळखलं आणि २०१७ च्या दुरुस्तीने २०२१ पासूनच्या जनगणनांसाठी ती चौकट काढून टाकली. मला ते धाडसाचं आणि योग्य पाऊल वाटतं.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे, आणि ती भीती खरी आहे. १९४२ मध्ये अमेरिकेत जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडलं, तेव्हा कुठल्या वस्तीत किती जपानी राहतात याचे तक्ते जनगणना खात्यानेच लष्कराला पुरवले होते. युद्धकाळातल्या कायद्याने गुप्ततेचं कलमच बाजूला सारलं होतं. त्याच सुमाराला नेदरलँड्समध्ये लोकसंख्येची नोंदवही इतकी चोख होती की जर्मनांना ज्यू कुटुंबं हुडकायला श्रम पडले नाहीत. मार्च १९४३ मध्ये प्रतिकार करणाऱ्यांनी अॅमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयाला आग लावली ती म्हणूनच. पण या दोन्ही ठिकाणी घात केला तो ताज्या माहितीने, आणि ती वापरली सत्तेनेच. संशोधकाला आणि नातवाला बंद असलेलं दार सैन्याला उघडंच होतं. त्यामुळे आजच्या माहितीभोवतीचा कायदा कितीही कडक करा, माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या पानाला कुलूप लावून मात्र त्या धोक्यातला कणभरही कमी होत नाही.

एक उदाहरण मात्र मला अडवतं. जपानमध्ये १८७२ साली देशभर कुटुंबनोंदणी झाली. तोवर कायद्याने अस्पृश्य मानलेल्या समाजांना आदल्याच वर्षी मुक्त केलं होतं, तरी कित्येक नोंदींत त्यांचा जुना दर्जा उमटला. पुढे मुलीचं स्थळ ठरवताना किंवा नोकरी देताना लोक खासगी हेर लावून या नोंदी काढत. जवळजवळ शतकभर हे चाललं. शेवटी १९६८ मध्ये सरकारने त्या वह्या मोहोरबंद केल्या. इथे शंभर वर्षं उलटली म्हणून माहिती थंड झाली नव्हती. ज्या समाजात जन्माचा कलंक पिढ्यान्‌पिढ्या चिकटतो, तिथे जुना कागदही तापलेलाच असतो. त्या वह्या बंद केल्या हे बरोबर झालं, आणि 'सगळं सगळ्यांना उघडा' असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण पचवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तरी यातून निघते ती रकान्यापुरती सावधगिरी. सबंध पान जाळायचं कारण निघत नाही. इंग्लंडमध्ये १९११ ची पानं २००९ मध्ये, मुदतीच्या थोडी आधी खुली झाली तेव्हा अंधत्व, बहिरेपणा, 'वेड' लिहिलेला रकाना झाकून ठेवला होता. तो २०१२ ला उघडला. १९३९ च्या युद्धकालीन नोंदवहीत तर ओळीओळीला पट्टी आहे: ज्यांच्या जन्माला शंभर वर्षं झालेली नाहीत आणि जे वारल्याचा पुरावा नाही, त्यांच्या ओळी झाकलेल्या. पुरावा आला की पट्टी निघते. पडद्यावरच्या पानाला हे सहज जमतं. ज्या रकान्याने आजही कुणाचं लग्न मोडू शकतं, तो आणखी पन्नास वर्षं झाका. नाव, नातं, वय आणि गाव उघडा.

भारताचा १९४८ चा जनगणना कायदा या बाबतीत टोकाला आहे. त्याच्या १५ व्या कलमानुसार जनगणनेचं दप्तर पाहण्याचा हक्क कुणालाही नाही, आणि त्याला मुदतच घातलेली नाही. शंभर वर्षांनी नाही, दोनशे वर्षांनीही नाही. २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद होणार आहे, तेव्हा जपानचा धडा इथे कुणापेक्षाही जास्त लागू आहे, हे मान्य. पण कायमची बंदी ही सावधगिरी म्हणता येणार नाही. ज्या कागदाला उघडण्याची तारीखच नाही, तो जपण्याची जबाबदारी कुणालाच वाटत नाही.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बंद दप्तर सुरक्षित असतं हा समजच खोटा आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत सव्वासहा कोटींहून जास्त माणसं होती. १० जानेवारी १९२१ ला वॉशिंग्टनमधल्या सरकारी इमारतीच्या तळघरात आग लागली. काही पानं जळली, त्याहून जास्त भिजली. भिजलेली पानं वाळवून वाचवता आली असती. ती वर्षानुवर्षं पडून राहिली आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, निरुपयोगी कागदांच्या यादीत घालून नष्ट करायला परवानगी दिली. त्याच्या आदल्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी राष्ट्रीय अभिलेखागाराची कोनशिला बसवली होती. आज १८९० ची जेमतेम सहा हजार नावं उरली आहेत. इंग्लंड आणि वेल्सची १९३१ ची सगळी पानं डिसेंबर १९४२ मध्ये आगीत गेली, बॉम्बने नव्हे. १९४१ ला युद्धामुळे मोजणी झालीच नाही. त्यामुळे १९२१ नंतरचं पुढचं पान थेट १९५१ चं, आणि शंभर वर्षांच्या नियमाने ते २०५२ च्या आधी उघडणार नाही. आज सत्तरीत असलेल्या ज्या माणसाला आपल्या आईचं तरुणपणचं घर शोधायचं आहे, त्याला २०५२ सांगण्यात काय अर्थ आहे? अमेरिकेत मुदत ७२ वर्षांची आहे. १९५० ची पानं १ एप्रिल २०२२ ला उघडली, त्यांत लाखो हयात माणसांची नावं आहेत. माझ्या मते मुदत त्याच आसपास असावी. शंभर हा आकडा गोल आहे, एवढंच त्याचं पुण्य.

पैशाबद्दल थोडक्यात. इंग्लंडची १९२१ ची पानं खासगी कंपनीच्या संकेतस्थळावर आली आणि सुरुवातीला दर पानाला पैसे होते. फुकट पाहायची तर ठराविक दोन-तीन वास्तूंमध्ये जावं लागे. आयर्लंड आणि नॉर्वेने आपली पानं घरबसल्या फुकट दिली. ही पानं लोकांच्याच पैशाने भरली गेली, मोजणाऱ्याचं वेतन लोकांनीच दिलं. आणि काम करायला माणसं मिळत नाहीत हे कारणही टिकत नाही: अमेरिकेच्या १९४० च्या पानांवरची तेरा कोटी नावं दीड लाखाहून जास्त स्वयंसेवकांनी काही महिन्यांत उतरवून काढली.

आयर्लंडची कहाणी शेवटी सांगतो, कारण तिथे जितकं गेलं तितकं क्वचितच कुठे गेलं असेल. १८६१ आणि १८७१ ची पानं सरकारनेच आकडे काढून झाल्यावर नष्ट केली. १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईत लगद्याला गेली. १८२१ ते १८५१ ची डब्लिनच्या अभिलेखागारात होती, ती ३० जून १९२२ ला यादवीतल्या स्फोटात आणि आगीत गेली.

पण त्याआधी एक गोष्ट घडली होती. १९०८ च्या कायद्याने सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत पेन्शन मिळू लागलं. सत्तरी सिद्ध कशी करायची? सगळ्या जन्मांची सरकारी नोंद आयर्लंडमध्ये १८६४ ला सुरू झाली, आणि ही माणसं त्याच्या कितीतरी आधीची. तेव्हा म्हातारेकोतारे अर्ज करू लागले: माझं नाव अमुक, आईबापांची नावं तमुक, गाव हे, १८५१ च्या वहीत पाहा. अभिलेखागारातला कारकून ती जाडजूड वही काढायचा, घर शोधायचा आणि चिठ्ठीवर उत्तर लिहायचा. कितीतरी चिठ्ठ्यांवर 'सापडलं नाही' असंच आहे. बाकीच्यांवर वय लिहिलेलं आहे, आणि काहींवर कारकुनाने त्या घरातल्या आईबापांची आणि भावंडांचीही नावं उतरवून ठेवली आहेत. वह्या जळाल्या. चिठ्ठ्या राहिल्या. आज त्या इंटरनेटवर फुकट पाहता येतात, आणि १८४० च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळानंतरच्या त्या हजारो घरांत कोण कोण उरलं होतं, ते त्या म्हाताऱ्यांनी पाच शिलिंगांसाठी विचारलं म्हणून आपल्याला माहीत आहे.